पश्चिममुखी प्लॉट, ४५ लाखांचे बजेट आणि उन्हाळ्यात थंड राहणारे घर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या मखमलाबादकडे ४० बाय ५० फुटांचा स्वतःचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. आई-वडील, तुम्ही दोघे आणि दोन मुले. तळमजला अधिक एक मजला, मिळून १,८०० चौरस फूट बांधायचे. हाताशी १५ लाख, कर्ज ३० लाख. घर असे हवे की मे महिन्यात एसीवर दिवस काढावे लागू नयेत आणि वीजबिल आटोक्यात राहावे. कोणीतरी तुम्हाला सांगितले की अशा घराला २५ टक्के जास्त खर्च येतो, म्हणून विचारताय की आधी कर्ज मंजूर करून घ्यावे की आधी घर ठरवावे.

नाशिकमध्ये वीस वर्षांहून जास्त काळ घरे बांधतोय. त्या अनुभवावरून सांगतो : आधी घर ठरवा. तेही इतके नेमके, की बँकेला जाणाऱ्या अंदाजपत्रकात छतावरच्या उष्णतारोधक थराची ओळ लिहिलेली असेल. का, ते पुढे येतेच.

२५ टक्क्यांचे म्हणाल तर घर थंड ठेवणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या फुकट असतात, फक्त त्या कागदावर असतानाच कराव्या लागतात. कुठली खोली कुठल्या बाजूला, खिडकी केवढी, जिना कुठे, टाकी कुठे, याला सिमेंटची एक गोणीही जास्त लागत नाही. उरलेल्या निम्म्याला पैसे लागतात, पण ते कुठून काढायचे तेही सांगतो.

आपल्या गावाची हवा आधी समजून घ्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी ३९-४० वर गेलेला पारा पहाटे २२-२३ पर्यंत उतरतो. मुंबईला हे सुख नाही. म्हणजे नाशिकमध्ये घर थंड करायचे काम रात्रीची हवा फुकट करते. आपण दोनच गोष्टी सांभाळायच्या : दिवसा ऊन आत येऊ द्यायचे नाही आणि रात्री हवा अडवायची नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांनी जाड भिंती आणि मधला चौक ठेवून नेमके हेच केले होते. आज आपण उलटे करतो. दिवसभर स्लॅब तापवतो आणि रात्री खिडक्या लावून एसी चालू करतो.

स्लॅब काय करते ते एकदा हात लावून बघण्यासारखे आहे. गेल्या मे मध्ये इंदिरानगरच्या एका घरी रात्री साडेदहाला गेलो होतो. वरच्या मजल्यावर झोप येत नाही ही तक्रार. बाहेर छान वारा सुटला होता, गच्चीवर चांदण्यात बरे वाटत होते. खाली बेडरूममध्ये स्टुलावर चढून छताला तळहात टेकवला, तर भाकऱ्या झाल्यावर गॅस बंद करून ठेवलेल्या तव्याला असते तशी ऊब. पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता आत पोचायला चार-पाच तास लागतात, म्हणजे ती बरोबर झोपायच्या वेळी येते. त्या घरातल्या आजी ओली चादर अंथरून फरशीवर झोपत होत्या. एसी लावला होता, पण त्याची निम्मी ताकद त्या छताशी भांडण्यातच जात होती.

ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. तिच्यात छतातून उष्णता किती जाऊ द्यायची याची मर्यादा आहे : दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॅट. ही संहिता मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या प्लॉटवर कोणी ती तपासायला येणार नाही. पण मोजपट्टी म्हणून उत्तम. साधी स्लॅब आणि वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर), एवढ्याच छतातून याच्या दुपटीहून जास्त उष्णता उतरते. कोबा पाणी अडवतो, ऊन नाही. हा गैरसमज मला दर दुसऱ्या घरात भेटतो.

उपाय सोपा आहे. स्लॅब झाली, वॉटरप्रूफिंग झाले, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, नीट फिरवला, पाणी भरून गळती तपासली की त्यावर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस या फोमचे कडक बोर्ड, वर तारेची जाळी टाकून काँक्रीटचा पातळ थर आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. बोर्ड स्लॅबच्या वरच हवेत. खालून फॉल्स सीलिंगमध्ये टाकले तरी स्लॅब दिवसभर तापायची ती तापतेच, आणि रोज प्रसरण-आकुंचन होऊन वॉटरप्रूफिंगला तडे जातात. चायना मोझॅक पांढरीच लावा. कारागीर उरलेल्या रंगीत तुकड्यांची नक्षी करून देतो म्हणेल, तुम्ही गच्चीवर पांढऱ्याचाच आग्रह धरा.

माझ्या स्वतःच्या घरात मी हे केले नव्हते. प्लास्टरपर्यंत पैसे संपत आले, आणि गच्चीचे काम ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवले. ते पुढचे वर्ष सात वर्षांनी उजाडले. तोवर वरच्या खोलीत माझ्या वडिलांनी सात उन्हाळे काढले. याची खंत आजही वाटते, म्हणून कोणालाही सल्ला देताना मी छतापासून सुरुवात करतो.

आता तुमचा पश्चिममुखी प्लॉट. नाशिक २० अक्षांशावर आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, २१ डिसेंबरला तो दक्षिणेला झुकून साधारण ४६ अंशांवर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकलात की उन्हाळ्यात चार फुटी खिडकी पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये खालच्या निम्म्या भागातून ऊन आत येते. थंडीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा आपल्याकडेही हुडहुडी भरतेच, ते ऊन हवेसेच असते. दक्षिणेला भिऊ नका.

भ्यायचे पश्चिमेला. दुपारी तीन ते सहाचे ऊन आडवे येते, त्याला छज्जा पुरत नाही. आणि तुमचे दर्शनी तोंड तिकडेच. नकाशात बहुधा हॉलला आठ फुटी काच दाखवली असेल, कारण एलिव्हेशन छान दिसते. ती काढा. पश्चिमेच्या बाजूला पोर्च, जिना, टॉयलेट, कपाटे असे सगळे घ्या, म्हणजे माणसे बसतात-झोपतात त्या खोल्यांपुढे एक ढाल तयार होते. हॉलला पश्चिमेची खिडकी हवीच असेल तर तिच्यापुढे खोल व्हरांडा आणि सिमेंटची किंवा टेराकोटाची जाळी. रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आजच लावा. घर होईपर्यंत तो पुरुषभर उंच होईल.

तुमच्या आईंना वास्तू पाळायची आहे असे लिहिलेत. पाळा, अडचण नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या : घरातल्या कर्त्याची झोपायची खोली नैऋत्येला येते, आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त तापणारा कोपरा तोच. खोली तिथेच ठेवा, पण तिच्या पश्चिम भिंतीला बाथरूम आणि भिंतभर कपाट द्या, खिडकी दक्षिणेला घ्या. वरची टाकी बरेच जण नैऋत्येला सांगतात. तिथे ठेवलीत तर सोलरवर दुपारी सावली पडेल. वायव्येला बहुतेक जाणकार हरकत घेत नाहीत. जिन्याची हेडरूमही (गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी असते ती खोली) वायव्येला घ्या, म्हणजे दोन्हींची हिवाळ्यातली सावली उत्तरेकडे पडेल आणि दक्षिणेची गच्ची पॅनेलला मोकळी राहील. हेडरूमच्या वरच्या भागात उघडझाप करता येणारे झरोके ठेवा. रात्री खालच्या खिडक्या उघडल्या की घरातली गरम हवा जिन्याच्या वाटेने वर निघून जाते, पंखाही नको.

खिडक्यांचे एक बारीक सांगतो. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. बेडरूमला बाहेर उघडणाऱ्या झडपा घ्या. आणि मजबूत ग्रिल व डासांची जाळी बांधकामाच्याच खर्चात धरा, कारण ती नसेल तर रात्री खिडकी कोणी उघडी टाकत नाही, मग हवेचा सगळा विचार फुकट जातो.

भिंतींबद्दल. एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) भाजलेल्या विटेपेक्षा चार-पाच पट कमी उष्णता वाहतो आणि वजनाला तिसरा हिस्सा. पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती ८ इंची एएसीच्या करा. बाकी फ्लाय अॅशच्या विटा चालतील. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख जवळ असल्याने त्या आपल्याकडे सहज मिळतात, पण उष्णतेच्या बाबतीत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एएसीचे खरे दुखणे म्हणजे तडे, आणि ते बहुतेक कारागिरीचे असतात. विटेची सवय असलेला मिस्त्री ब्लॉकच्या चट्ट्यावर पाइप सोडून देतो आणि जाड मसाल्यात थर लावतो. ब्लॉक स्पंजसारखा पाणी पितो, सुकताना आकसतो. पृष्ठभाग जरासा ओलावायचा, तयार मिळणाऱ्या मसाल्याचा ३ मिलिमीटरचा पातळ सांधा करायचा आणि कॉलम-बीमला जिथे भिंत भिडते तिथे प्लास्टरआधी जाळी मारायची. पहिला दिवस तुम्ही किंवा तुमचा सुपरवायझर तिथे उभा पाहिजे.

आता पैशांकडे येऊ, कारण मोठी चूक तिथे होते.

समजा मटेरियलसह दर चौरस फुटाला २,३०० रुपये धरला. १,८०० चौरस फुटांचे ४१ लाख ४० हजार झाले. उरले ३ लाख ६० हजार. यात परवानगीची फी, आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइन, बोअर, जमिनीखालची टाकी, कंपाउंड वॉल, मीटर हे सगळे बसवायचे. बसत नाही. मग काम प्लास्टरला आले की काटछाट सुरू होते. कशावर? फरशी, किचन ओटा, गेट यांवर कोणी तडजोड करत नाही, ती डोळ्यांना दिसतात. कात्री लागते ती छतावरचा थर, जाळ्या, चांगल्या खिडक्या आणि सोलर यांना.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : २०० चौरस फूट कमी बांधा. १,६०० चौरस फुटांत सहा माणसांचे घर नीट बसते, पॅसेज आणि डबल हाइट हॉलचा मोह सोडला तर. ४ लाख ६० हजार वाचले. त्यातून गच्चीचा उष्णतारोधक थर आणि मोझॅक साधारण लाखभर, पश्चिमेच्या जाळ्या आणि व्हरांडा साठ-सत्तर हजार, सोलरचा अनुदान वजा जाता लाखभर, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यांचा फरक दहा-बारा हजार धरा. पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. उरलेले पायासाठी राखून ठेवा, कारण मखमलाबादची जमीन द्राक्षमळ्यांची काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम किंवा कातळ किती फुटांवर लागतो ते कळल्याशिवाय पायाचा आकडा कोणी खरा सांगू शकत नाही.

बँक बांधकामासाठीचे कर्ज एकदम देत नाही. जोते, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फिनिशिंग असे टप्पे असतात. टप्पा पूर्ण झाला की बँकेचा इंजिनियर पाहणी करतो, मग त्या प्रमाणात पैसे सुटतात. कंत्राटदाराला मात्र टप्पा सुरू करतानाच पैसे हवे असतात. शिवाय तुमचा वाटा आधी खर्ची पडलेला बँकेला दाखवावा लागतो. म्हणजे १५ लाखांतले बरेचसे पाया आणि पहिल्या स्लॅबमध्येच जाणार. यातूनच कळेल की अंदाजपत्रकात ओळ असणे का महत्त्वाचे : जे काम त्यात लिहिलेले आहे त्याचे पैसे बँकेच्या टप्प्यात धरले जातात, जे लिहिलेले नाही त्याचे तुम्हाला तुमच्या खिशातून काढावे लागतात, आणि ती वेळ येते तेव्हा खिसा रिकामा असतो. ‘वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, स्क्रीड (बोर्डांवरचा काँक्रीटचा पातळ थर), चायना मोझॅक’ अशा चार ओळी, क्षेत्रफळ आणि दरासह, इंजिनियरकडून लिहून घ्या. झरोके, ग्रिल, जाळ्या, सोलरच्या वायरींचे पाइपही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. तुमची गरज मर्यादेच्या आत आहे, अडचण येणार नाही. व्याज ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली तर एक लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता पडतो, ३० लाखांना २६,०३५. हा ८६८ चा आकडा डोक्यात ठेवा. लाखभराच्या गच्चीच्या थराची किंमत महिन्याला ८६८ रुपये. वरच्या मजल्यावर एक एसी रात्रभरात सहा युनिट खात असेल तर महिन्याला १८० युनिट होतात, आणि महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने हे युनिट तुमच्या बिलातल्या महागड्या टप्प्यात पडतात. उन्हाळ्याचेच महिने धरले तर नुसत्या बिलातून तो हप्ता वर्षभर भरून निघेल असे मी म्हणणार नाही. पण थर नसलेल्या घरात दुसऱ्या खोलीला दुसरा एसी येतोच, आणि आई-वडील वरच्या खोलीत झोपू शकतात की नाही हा हिशोब बिलात कुठे येत नाही.

घर पूर्ण होईपर्यंत दिलेल्या रकमेवर फक्त व्याज चालू राहते. जितके काम रेंगाळेल तितके ते वाढते. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, त्यामुळे मुदत लांब घ्या आणि बोनस आला की मुद्दल भरा. जुन्या करप्रणालीत व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट मिळते, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत बांधकाम पुरे झाले पाहिजे. नव्या प्रणालीत असाल तर राहत्या घराला ही वजावट नाही, तेव्हा ती हिशोबात धरू नका. प्लॉट वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना सहकर्जदार व्हावे लागेल. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी हे आधी एका फाइलीत लावा. जोता तपासणीचा दाखला वेळेवर घ्या आणि शेवटी भोगवटा दाखला घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका.

सोलरचे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. त्यापुढे कितीही मोठे बसवले तरी ७८ हजारच. ३ किलोवॅट दिवसाला सरासरी १२ युनिट देते, जागा सुमारे ३०० चौरस फूट लागते. अनुदान नंतर खात्यात येते, आधी पूर्ण रक्कम तुम्हाला द्यावी लागते, त्याची तजवीज ठेवा. पॅनेल घर झाल्यावर, कायमचे घरगुती मीटर आल्यावरच लागणार. पण गच्चीपासून मीटरपर्यंत वायरींसाठी पाइप, गच्चीवरच्या स्ट्रक्चरचे पाये आणि अर्थिंगच्या जागा आत्ताच करा. नंतर मोझॅक फोडून बोल्ट मारले की पहिली गळती तिथूनच होते. आणि आधी घराची गरज कमी करा, मग सोलर. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ८० युनिट वाचतात.

वेळापत्रक दिवाळीनंतरचे धरा. संक्रांतीपर्यंत जोते, पाडव्यापर्यंत पहिली स्लॅब, आणि गच्चीची स्लॅब व तिचे वॉटरप्रूफिंग पावसाआधी. एप्रिलमध्ये क्युरिंगला (काँक्रीट ओले ठेवायला) पाणी कमी पडते, टँकरचा खर्च धरून ठेवा. २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामे शहरभर चालू आहेत. सेंट्रिंगवाले, मिस्त्री तिकडे ओढले जातात, तेव्हा मजुरीचे दर आणि टप्पे लेखी बांधून घ्या.

या आठवड्यात एक करा. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, मुरूम लागेपर्यंत. आतल्या थरांचा फोटो टेप धरून काढा आणि किती फुटांवर काय लागले ते इथे लिहा. सोबत नकाशाही टाका, पश्चिमेच्या खिडक्यांवर खुणा करून देतो.